पद्माक्कांची माती

आमच्या गल्लीत सकाळी कोंबड्याच्या आधी पद्माक्का आरवायच्या. हे मी कौतुकानं लिहितोय, पण त्या काळात पांघरूण डोक्यावर ओढून मी जे पुटपुटायचो ते इथं लिहिता येणार नाही. पद्माक्का मगदूम टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल ओरडून करावा लागायचा त्या जमान्यातला त्यांचा गळा. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नाही. त्यांच्या गच्चीला आमची गच्ची लागून, मधे गुडघाभर कठडा.

"बावडेकर, उठलासा काय? का बायकोनं उठवायची वाट बघालाय?"

माझं आडनाव बावडेकर नाही. मी गगनबावड्याचा, एवढं त्यांना पहिल्या दिवशी कळलं आणि माझं बारसं झालं. वर ऐकवायच्या, "तुमच्याकडं माती कुठली हो? पावसानं धुतलेला दगड त्यो. सगळं सत्त्व गेलं कोकणात वाहून." आणि मग स्वतःच्या मातीकडं वळायच्या. ते बघण्यासारखं असायचं.

गच्चीवर त्यांची मिरच्यांची बाग होती. फक्त मिरच्यांची. "फुलं बघायची असली तर मी बागंत जातो की. घरात लावायचं ते जेवणात पडलं पायजे," असं त्या म्हणायच्या. (कोल्हापूरच्या जुन्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, आणि अक्का तर तसं बोलताना दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या.) तेलाचे डबे, फुटके माठ, कान तुटलेल्या बादल्या, नातवाचा जुना बाथटब, सगळ्यांत मिरची. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी. उन्हं कोवळी असताना अक्का एकेका डब्यापाशी वाकायच्या, दोन बोटं मातीत खुपसून चिमूट काढायच्या, तळव्यावर चोळायच्या आणि नाकाशी धरून डोळे मिटायच्या. बराच वेळ. मग मान हलायची.

"हाय. जिवंत हाय."

आणि पुढचा डबा. घरात कुणी आजारी असलं की नाडी बघतात ना, तसा सगळा प्रकार.

ती माती त्यांनी घरी केलेली. पंचगंगेच्या काठचा गाळ, गडमुडशिंगीच्या भाच्याकडचं शेण, उसाचं पाचट, वाळलेला पाला, सगळं सावलीत थरावर थर घालून, ओलं पोतं पांघरून निजवायच्या. वर गूळ, शेण आणि बेसन कालवलेलं पाणी. त्याला त्या मातीचं जेवण म्हणायच्या. अक्का जैन. सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही नाही, आणि मातीलाही नाही. एकदा मी संध्याकाळी उशिरा माझ्या एकुलत्या एक कुंडीत ते पाणी ओतताना दिसलो, तर पलीकडून गर्जना झाली, "दिवस बुडल्यावर कुणाला जेवाय घालालाय?"

गांडुळं दुखावू नयेत म्हणून त्या मातीचा ढीग कधी खोऱ्यानं उपसत नसत. ढिगाच्या एका बाजूला ताजं शेण ठेवायच्या, पोतं ओलं करायच्या आणि गांडुळं आपापली त्या बाजूला जाईपर्यंत थांबायच्या. मग दुसऱ्या बाजूची माती हातानं घ्यायच्या. मावा पडला तर पानं पाण्यानं धुवायच्या, आणि ते पाणीसुद्धा गच्चीच्या कडेच्या गवतात.

या बाबतीत त्यांचा मला एकदा असा प्रसाद मिळाला की तो मी विसरणं शक्य नाही. माझ्या कुंडीतल्या मातीत बुरशी दिसली. मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं, उकळतं पाणी ओता, माती निर्जंतुक होते. मी किटली घेऊन वर गेलो. अक्कांनी बघितलं आणि तो कठडा, त्या वयात, लुगडं खोचून ओलांडला.

"काय करालाय?"

मी सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली किटली काढून घेतली, मला कुंडीपाशी बसवलं, मूठभर माती पांढऱ्या कागदावर पसरली. "बघा आता. बोलायचं न्हाय." आधी काही दिसेना. मग माती हलायला लागली. टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे पांढरे किडे, केसासारखं लांबट काहीतरी, एक इवलंसं गांडूळ. "एवढ्यांच्या अंगावर आधण वतायला निघालासा? आणि वर मिरची गोड लागंल तुमाला?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. शेवटी मी गुपचूप किटली खाली नेली आणि त्या पाण्याचा चहा केला.

उन्हाळ्यात कोल्हापुरात वर्षाची चटणी होते. चटणी म्हणजे लाल तिखट मसाला. ज्या घराची चटणी बिघडली त्या घराचं वर्ष बिघडलं असं बायका मानतात. आमच्या गल्लीत मिरच्या भाजून डंकावर, म्हणजे मसाल्याच्या गिरणीत, कुटायला जाण्याआधी सगळ्या सुपं घेऊन अक्कांच्या दारात. अक्का हुंगणार, मग पुढचं. "हे खोबरं परत कर. गेल्या सालचं हाय." "धनं जळलं तुझं, सासूला सांगू नगंस." त्यांची स्वतःची चटणी कांदा-लसणाशिवायची, तीळ-खोबऱ्याची. माझ्या पित्ताच्या पोटाला कोल्हापुरात सोसणारी तेवढी एकच. दर वर्षी एक बरणी आमच्या घरी यायची आणि मी ती बायकोपासून लपवून ठेवायचो.

मग एका वर्षी बरणी आली, मी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. माझी बायको सुनंदा ओट्यापाशी होती. तिनं बरणी नाकाशी नेली आणि माझ्याकडं बघितलं. खोबरं खवट होतं. थोडंथोडकं नाही, तेलाच्या जुन्या कापडासारखा वास मारत होता. आम्हाला वाटलं, आपलीच बरणी असेल. पण शेजारच्या वहिनी आल्या, इकडतिकडचं बोलल्या, आणि जाताना हळूच म्हणाल्या, "अक्कांची चटणी खाल्लीसा?"

कुणी अक्कांना सांगितलं नाही. कोण सांगणार? गवयाला तू बेसूर गातोस म्हणून सांगायचं तर त्याच्याहून मोठा गवई लागतो. पण गल्लीत सगळ्यांच्या मनात एक खडा रुतून बसला. सुनंदा म्हणाली, "करोनात गेलं असेल नाक. माझं नव्हतं का गेलं?" तिचं परत आलं होतं, म्हणून आम्ही त्यावर विश्वास ठेवला. मनात मात्र मला ते पटलं नव्हतं.

पुढं एका दुपारी सुनंदा मागच्या दारात तांदूळ निवडत होती. एकदम उठली आणि धावत सुटली. तिला गॅसचा वास आला होता, अक्कांच्या खिडकीतून. मी मागोमाग गेलो. शेगडीवरचं दूध उतू जाऊन आग विझलेली, बटण चालू, आणि अक्का स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढं उभ्या, दिव्यासाठी काडेपेटी हातात. काडी बाहेर काढलेली होती. सुनंदानं पेटी हिसकावली, मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. वासानं माझं डोकं भणाणत होतं. अक्का आमच्याकडं असं बघत होत्या, जणू आम्हीच खुळावलोय.

"काय झालं गं?"

"अक्का, गॅस!"

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग लगेच हसल्या. "सर्दी झालीया मला." उन्हाळ्याचे दिवस होते, आणि अक्कांना सर्दी झालेली आम्ही कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर बागेत वेगळ्या मिरच्या दिसायला लागल्या. लवंगीच्या जागी आखूड, सुरकुतलेल्या, आसामकडच्या भूत मिरच्या. बियाणं कुठून कुरियरनं मागवलेलं. एक दिवस सुनंदा भाकरी द्यायला गेली तर अक्का ताटात ती अख्खी मिरची घेऊन बसलेल्या. चावत होत्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, नाक गळतंय, कानाच्या पाळ्या लाल, आणि चेहऱ्यावर समाधान. "आत्ता कुठं जेवल्यागत वाटालंय," म्हणाल्या. "बाकी सगळं भुश्शासारखं लागतंय बघ. हिची आग तेवढी कळती." सुनंदा भाकरीची ताटली हातात तशीच घेऊन घरी आली. मी विचारलं तर म्हणाली, "मला भीती वाटतेय."

आता सकाळचं हुंगणं लांबायला लागलं. एकेका डब्यापाशी अक्का इतका वेळ वाकून राहायच्या की माझी पाठ दुखायची. "जिवंत हाय" ऐकू येईना. एके सकाळी त्या सरळ उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेली. माती मेली."

झाडं हिरवीगार होती. फुलं लागलेली. मी कठड्यापाशी जाऊन म्हणालो, "अक्का, झाडं तर चांगली दिसतायत."

"बावडेकर, मिरचीतलं तुमाला काय कळतंय?"

हे खरंच होतं. मग त्या माती जगवायला लागल्या. गुळाचं पाणी सकाळी, दुपारी, पुन्हा सकाळी. उपाशी समजून कुणी भरल्या पोटाच्या मुलाला कोंबत राहावं तसं. माती आंबली. आमच्या गच्चीपर्यंत दर्प यायचा, माशा घोंगावायच्या, आणि त्या ढिगाशेजारी बसून अक्का म्हणायच्या, "अजून वास न्हाय. कायबी वास न्हाय." मग झाडं खरोखरच माना टाकायला लागली. आता अक्कांना पुरावा मिळाला.

ती सकाळ चैत्रातली. मी दात घासत वर आलो तर पलीकडच्या गच्चीवर वाफ. मोठं पातेलं, दोन्ही हातांत फडकी, अक्का एकेका डब्यात उकळतं पाणी ओतत होत्या. मला आधी दिसलं ते खरं वाटेना. ज्या बाईनं माझ्या हातातली किटली काढून घेतली होती, ती हीच.

"अक्का!"

"मेलेल्या मातीत कोण असतंय?" त्या मागं न बघता म्हणाल्या. "आंबलेलं उकळून काढायचं, नवी भरायची. काय पाप न्हाय. कुणी न्हाय तिथं."

वरच्या आंबलेल्या मातीची उन्हानं खपली झाली होती, गांडुळं तळाला गेलेली. पाणी झिरपलं तशी ती वर आली. एकदम, सगळीकडून. पांढरी पडलेली, वळवळणारी, डब्यांच्या काठावरून खाली पडणारी. त्या एका बाथटबमधून किती आली ते सांगवत नाही. अक्कांच्या हातातलं पातेलं खाली पडलं, पाणी त्यांच्या पायांवरून गेलं, तरी त्या हलल्या नाहीत. मी कठडा ओलांडून गेलो तेव्हा त्या गुडघ्यांवर बसून गांडुळं गार फरशीवर उचलून ठेवत होत्या आणि तोंडानं णमोकार मंत्र चालला होता. तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. मला जवळ वाकून ऐकावं लागलं.

सुनंदानं त्यांच्या भाजलेल्या पायांना कोरफड लावली. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, समोर भिंतीकडं बघत. मग आपणहून बोलल्या.

"आमच्या आप्पांचं, माझ्या बाचं, आधी नाक गेलतं. तंबाखूची वखार होती आमची, पानं हुंगून भाव करायचे. एक दिवस म्हणाले, माल बाद हाय. सगळा माल बाद हाय म्हणून परत पाठवला. माल चांगला होता. मग वरसाभरात नावं गेली. मग आम्ही गेलो. मी समोर बसलेली असायचो आणि मला म्हणायचे, बाई, तुम्ही कुणाच्या?"

सुनंदानं कोरफडीचा दुसरा तुकडा सोलला.

"तवापास्नं रोज सकाळी हुंगतो मी," अक्का म्हणाल्या. "तुमाला वाटायचं मातीसाठी. मातीला काय व्हतंय, ती जगतीया की. मी माझं बघत हुतो, हाय का गेलं."

"मग माती मेली म्हणून का..." मी विचारलं आणि अर्ध्यात थांबलो.

"माती मेली म्हणलं की मी जित्ती राहतो न्हवं?" त्या म्हणाल्या. "म्हणून मी तिला मारली."

नंतर त्यांनी एकच गोष्ट मागितली. मुलाला, संदेशला, कळता कामा नये. तो पुण्यात, सातव्या मजल्यावर. कळलं की न्यायला येणार. "तिथं मला काय सापडंल? इथं आंधळ्यागत चाललं तरी पायाला घर म्हाईत हाय." बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जाऊन त्यांनी गांडुळांसाठी प्रायश्चित्ताचे उपवास धरले. त्या उपवासांत त्या इतक्या वाळल्या की सुनंदा रोज रडायची.

पण मग सुनंदानंच तोड काढली. नवा ढीग लावला, अक्का सांगतील तसा. सकाळी अक्का कठड्यापाशी यायच्या, मूठ पुढं करायच्या, आणि सुनंदा हुंगून सांगायची. नुसतं चांगलं म्हणून चालायचं नाही. "नीट सांग की. पावसाच्या आदल्या दिवसागत का नंतरच्या?" सुनंदा डोळे मिटून शोधायची. "आळंब्यासारखा येतोय, अक्का. थोडासा ओल्या पोत्याचा." "मग मुरली. आता मिरची लावायची." दोघी कठड्याच्या दोन बाजूंना, मधे मूठभर माती. शिकवणीच लागल्यासारखं सुनंदाचं नाक तयार झालं. त्या वर्षी गल्लीची चटणी सुनंदानं हुंगली, अक्का शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि दोघींनी मिळून तिघींचं खोबरं परत पाठवलं. मला वाटलं, टळलं. एवढ्यावरच भागेल.

भागलं नाही. आधी मिरच्यांची नावं गेली. लवंगीला त्या "ती बारकी" म्हणायला लागल्या. मग सुनंदाला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या, आणि सुनंदा ओ द्यायला लागली. एकदा बस्तीतून येताना स्वतःच्या फाटकापुढून पुढं चालत गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं आणून सोडलं. संदेशला आम्ही कळवायच्या आधी त्याला फोनवरच कळलं, कारण अक्कांनी त्याला विचारलं, "कुठनं बोलालाय? कुणाशी बोलायचं हाय?" तो दुसऱ्या दिवशी आला. उंच, गोरा, आईसारखाच रुंद कपाळाचा. त्यानं आमच्यापाशी काही तक्रार केली नाही. "आजोबांचं मी पाहिलंय," एवढंच म्हणाला. जाताना अक्का गाडीत निमूट बसल्या. कुठं जायचं हे त्यांनी विचारलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघं पुण्याला गेलो. सातवा मजला, स्वच्छ घर, अक्का स्वच्छ लुगड्यात कोचावर. अंगानं भरल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला, आवाजही तोच खणखणीत, आणि सुनंदानं माझा हात दाबला. तिला वाटलं, ओळखलं.

"या या पावणं! बसा की. लांबनं आलासा?"

संदेश चहा ठेवायला आत गेला. अक्कांनी मला नीट न्याहाळलं, मग सुनंदाला, मग पदर सावरून पुढं सरकल्या. आम्ही मुलगी बघायला आलोय, असा त्यांचा समज झाला होता.

"पोरगी आतच हाय," त्या म्हणाल्या. "पद्मा. शिकलेली हाय, टेलिफोनात लागली आता. रंगानं सावळी, पण कामाला वाघ. तुमाला पसंत पडंल." मग थांबल्या. दाराकडं बघून आवाज खाली आणला. त्यांना आवाज खाली आणता येतो हे मला त्या उकळत्या पाण्याच्या दिवशी कळलं होतं, आज दुसऱ्यांदा ऐकलं. "पण पावणं, फसवून लगीन करायचं न्हाय. आमच्यात तसलं चालत न्हाय. पोरीच्या बाचं आधी नाक गेलं. मग माणसं गेली. पोरगी अजून धड हाय. रोज बघती ती. पण उद्याचं कुणी सांगावं? तिच्या पोटच्याला बी यील. सगळं ऐकून घ्या, घरी जाऊन इचार करा, आणि मग कळवा. न्हाय म्हणलासा तर राग न्हाय."

मी म्हणालो, "आम्हाला पोरगी पसंत आहे, अक्का."

"इचार करा," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आत वळून खणखणीत ओरडल्या, "चहा आणा की पावण्यांस्नी!"

मी वाकून बघितलं. ओट्यावर आधण खळखळत होतं, चहापत्तीचा डबा बाजूला उघडा पडलेला. संदेश आमच्याकडं पाठ करून उभा होता. त्यानं ठेचलेल्या आल्याचा तुकडा नाकाशी धरला, मग वेलदोडा, मग पुन्हा डबा उचलून त्यात नाक खुपसलं, आणि तो तसाच उभा राहिला.